दप्तरातली भाकरी

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलेलं हे पत्र आहे. मुलाचं नाव बदललंय आणि मजकूर थोडा कमी केलाय.

"ताई, नमस्कार. माझी मोठी बहीण आणि दाजी ऊसतोडीला जायचे. उसाच्या फडात पान लागून, म्हणजे साप चावून, बहीण गेली, त्याला दोन वर्षं होत आली. तिचा शंभू तेव्हा चार वर्षांचा होता. तो उरलेला हंगाम आणि पुढचा अख्खा हंगाम दाजींनी त्याला सोबतच नेलं, कारण घरी सांभाळायला कुणी नव्हतं. दाजी आता दारू पितात, रागात हात उचलतात. यंदा गुढीपाडव्याला टोळी परत आली तेव्हा मी शंभूला माझ्याकडे आणलं. पहिलीत घातलंय. मला एक मुलगी आहे, चौथीत. हे एसटीत आहेत.

आम्ही त्याला काही कमी पडू देत नाही. तरी तो भाकरी चोरून दप्तरात ठेवतो. परवा बुरशी आलेले चार तुकडे निघाले, वहीला मुंग्या लागल्या. रात्री रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला की उठून बसतो, चपला घालतो आणि आईची कापडी पिशवी छातीशी धरतो. पडला, गुडघा फुटला, तरी रडत नाही. मी फडताळातून डबा काढायला हात वर केला तरी डोकं झाकून घेतो. मला मावशी म्हणत नाही, 'ओ' म्हणतो. पण मागच्या महिन्यात बांगड्या विकणाऱ्या अनोळखी माणसाच्या सायकलवर बसून पार वेशीपर्यंत गेला. एकदा मुलीच्या हाताला चावला म्हणून ह्यांनी त्याला मागच्या खोलीत कोंडलं. तासाने दार उघडलं तर तो होता तिथंच बसलेला, चड्डी ओली. ओरडला नाही, दारही वाजवलं नाही. मला त्याचीच भीती वाटली.

सासूबाई म्हणतात, बापाचं रक्त आहे, स्वभावच तसा, नाही बदलायचा. खरंच स्वभाव असेल का हा? की झालं त्यामुळे असा झाला? बदलेल का? आणि दसऱ्याच्या आधी दाजी त्याला भेटायला येणार आहेत. भेटू द्यावं का?"

शंभूच्या मावशी,

भाकरीपासून सुरू करते, कारण त्या चार तुकड्यांत तुमच्या बऱ्याच प्रश्नांचं उत्तर आहे.

शिकत असताना मी दोन हंगाम पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या तळावर साखरशाळेत, म्हणजे ऊसतोड्यांच्या मुलांच्या हंगामी शाळेत, शिकवायला होते. पाच-सहा वर्षांची एक मुलगी दुपारी अर्धी भाकरी खायची आणि उरलेली अर्धी फ्रॉकच्या घेरात बांधून ठेवायची. भूक असली तरी खायची नाही. मी एकदा विचारलं, "का गं, खा ना." ती म्हणाली, "गाडी आली तर?" मला तेव्हा कळलं नाही. चार दिवसांनी कळलं. संध्याकाळी आई फडावरून येऊन चूल पेटवणार, तेवढ्यात ट्रक येऊन उभा राहतो. मग मोळ्या वाहून गाडी भरेपर्यंत कुणी कोपीकडे, म्हणजे तळावरच्या झोपडीकडे, परतत नाही. रात्रीचे दहा वाजोत की दोन. त्या पोरीने स्वतःपुरता बंदोबस्त केला होता.

शंभूचं तेच चाललंय. पहाटे तीन-चारला आईबाप फडात जाणार, भाकरी फडक्यात बांधून ठेवलेली, ती कुत्र्याने पळवली तर दुपारपर्यंत काही नाही, आणि गाडी आली तर रात्रीही नाही. आई गेल्यावर तर फडक्यात भाकरी बांधून ठेवणारा हातच उरला नाही. फडात नवराबायको मिळून एक कोयता धरतात, म्हणून दाजी अर्धा कोयता होऊन दुसऱ्या कुणाच्या जोडीला लागले असतील, पोराला कुणाच्या तरी कोपीत जे मिळालं ते मिळालं असेल. अशा जागी जे पोर भाकरी राखून ठेवतं ते हुशार पोर. हॉर्न वाजला की चपला घालून तयार होतं, ते तर फारच हुशार. अंधारात अनवाणी मागे राहायचं नाही, एवढं त्याला कळलंय. म्हणून आधी 'चोरून' हा शब्द घरातून काढून टाका. स्वतःच्याच घरातली भाकरी कुणी चोरत नसतं.

आता स्वभावाचं. सासूबाई अगदीच चुकीचं बोलतायत असं मी म्हणणार नाही. मुलं जन्मतःच वेगवेगळी असतात, हे दोन लेकरं वाढवलेल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. न्यूयॉर्कमध्ये स्टेला चेस आणि अलेक्झांडर थॉमस या डॉक्टर नवराबायकोने १९५६ मध्ये तान्ह्या मुलांचा अभ्यास सुरू केला आणि १३३ मुलांवर ती मोठी होईपर्यंत लक्ष ठेवलं. काही बाळं पहिल्यापासून निवांत, काही चिडकी, काही बुजरी, नव्या माणसाजवळ यायला वेळ घेणारी. पण त्यांना सापडलेली महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. चिडकं बाळ पुढे चिडका माणूस होईलच असं नव्हतं. बाळाची ठेवण आणि घराची रीत यांचा मेळ बसला तर तेच बाळ छान मार्गी लागत होतं, आणि मेळ बसला नाही तर निवांत बाळसुद्धा अडचणीत येत होतं. जन्मतः मिळते ती माती. तिचं मडकं होतं ते फिरत्या चाकावर, आणि शंभूचं चाक पहिली सहा वर्षं कसं फिरलं ते आपण बघितलंच.

तुम्ही हात वर केलात की तो डोकं झाकतो, यावरही अभ्यास झालाय. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात सेथ पोलॅक यांनी मुलांना चेहऱ्यांची चित्रं दाखवली. एकच चेहरा, पण तो चित्रागणिक थोडाथोडा रागावत जाणारा. घरी मार खाल्लेल्या मुलांना त्यातला राग इतर मुलांच्या कितीतरी आधी ओळखू येत होता. भुवई जराशी आवळली गेली तरी पुरे. बाकीच्या भावना ओळखण्यात ती इतरांच्या पुढे नव्हती, रागाबाबत मात्र डोळे तयार झालेले. ज्या घरात चापट कधी येईल सांगता येत नाही तिथे अशा डोळ्यांनी पोर वाचतं. शाळेत मात्र तेच डोळे गोत्यात आणतात. गुरुजी फळ्याकडे बघून कपाळाला आठी घालतात आणि शंभूला वाटतं, आता आपली पाळी. म्हणजे तो तुमच्यावर अविश्वास दाखवत नाहीये. त्याच्या डोक्यापर्यंत विचार पोचायच्या आत हात वर गेलेला असतो. असं वारंवार होत राहिलं की शरीर धोक्याची घंटा जरा सैलच टांगून ठेवतं, वाऱ्यानेही वाजावी अशी. हृदयाची धडधड वाढते, पोटात गोळा येतो, झोप उथळ होते. अशा वेळी "घाबरतोस काय, मी मारते का तुला कधी?" असं म्हणून उपयोग होत नाही, कारण शरीराला भाषा कळत नाही. पुढच्या वेळी डबा काढायच्या आधी नुसतं म्हणा, "शंभू, डबा काढतेय हं." मग हात वर करा. एवढंच. दिवसातून दहा वेळा करावं लागलं तरी करा.

रक्ताच्या गोष्टीवर सासूबाईंना सांगण्यासारखं एक आहे. मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी यांनी उंदरांच्या आया बघितल्या. काही आया पिल्लांना खूप चाटतात, काही कमी. कमी चाटलेली पिल्लं मोठेपणी जास्त भेदरट निघतात. तुम्ही म्हणाल, आईचं रक्त. म्हणून त्यांनी पिल्लांची अदलाबदल केली. कमी चाटणाऱ्या आईची पिल्लं जन्मल्या जन्मल्या मायाळू उंदरीच्या कुशीत ठेवली, तर ती तिच्या पिल्लांसारखीच धीट निघाली. माणसाचं पोर म्हणजे उंदीर नव्हे, एवढं सरळ गणित आपल्यात नसतं. पण 'रक्तात आहे, म्हणून कायमचं आहे' हे उंदरांतसुद्धा टिकलं नाही.

आणि दाजींच्या रक्तात तरी काय आहे? मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. बायको फडात गेली आणि तिचं सुतक पुरतं सरायच्या आत पुन्हा त्याच उसात उतरावं लागलं असेल. त्यांनी पोरावर हात उचलला हे वाईटच, त्याची पाठराखण मी करणार नाही. पण शंभूच्या कानावर 'बापासारखा' हे शब्द शिवी म्हणून पडू देऊ नका. त्याला बाप एकच आहे.

आता तुम्हाला ज्याची भीती वाटली ते. तो रडत नाही.

रडणं ही हाक असते. बाळ रडतं कारण कुणी येतं. येईनासं झालं की बाळ हळूहळू हाक मारायचं सोडतं. रोमेनियात हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट १९८९ मध्ये कोसळली तेव्हा तिथल्या अनाथालयांतून एक लाखाहून जास्त मुलं होती. तिथे गेलेल्या लोकांच्या अंगावर काटा आणणारी गोष्ट म्हणजे तान्ह्या बाळांच्या खोल्यांतली शांतता. ओळीने पाळणे, त्यांत जागी बाळं, आणि रडण्याचा आवाज नाही. तिथेच २००० मध्ये बुखारेस्टला चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी १३६ मुलांना घेऊन काम सुरू केलं. त्यांतली निम्मी मुलं चिठ्ठ्या टाकून निवडली आणि सांभाळायला घेणाऱ्या कुटुंबांत पाठवली. पुढची कित्येक वर्षं दोन्ही गटांकडे लक्ष ठेवलं. घरात गेलेली मुलं एकूण चांगली सावरली, आणि जी दोन वर्षांची व्हायच्या आत गेली त्यांची माणसांशी नाळ जास्त घट्ट जुळली. अनोळखी माणसाबरोबर सहज निघून जाणं हेही त्या अनाथालयांतल्या मुलांत फार दिसलं. बांगडीवाल्याची सायकल आठवली ना? ज्या पोराला माणसं सतत बदलत मिळाली, ते एकाच माणसाला धरून राहत नाही. जो हसून बोलेल तो चालतो. त्यात तुमचा अपमान नाही, पण जपायला मात्र हवं. "माझ्याशिवाय किंवा काकांशिवाय कुणाबरोबर वेशीपलीकडे जायचं नाही" हा एकच नियम रोज शाळेत जाताना सांगा. भीती घालून सांगू नका, पाढा म्हटल्यासारखा सांगा.

'दोन वर्षांच्या आत' वाचून तुम्ही घाबरल्या असाल. घाबरू नका, कारण शंभू त्या पाळण्यांतलं बाळ नाही. त्याला चार वर्षं आई होती. उसाच्या फडात सावली धरून झोळी बांधणारी, मोळी टाकून येऊन त्याला पाजणारी. थकलेली, वेळ नसलेली, पण रोज तीच एक. ते त्याच्या आत आहे, त्या कापडी पिशवीसारखं. तुम्हाला पायापासून बांधायचं नाहीये. पाया तुमच्या बहिणीने घालून ठेवलाय.

म्हणून तो पडला की रडायची वाट बघू नका. तो रडला असता तर तुम्ही जशा धावला असतात तशाच जा, खाली बसा, जखम धुवा, "दुखलं असेल रे" म्हणा आणि फुंकर घाला. तो अंग चोरेल. चोरू द्या, जबरदस्तीने कुशीत ओढू नका. एक दिवस तो साध्या खरचटण्यासाठी भोकाड पसरेल. त्या दिवशी सासूबाई म्हणतील की पोर लाडावलं. तुम्ही मनातल्या मनात पेढे वाटा.

खोलीत कोंडण्याबद्दल मी गोड बोलणार नाही. ते पुन्हा कधीही होता कामा नये. तुमच्या यजमानांना मुलीचा हात दिसला, बापाचा राग मला कळतो. पण बंद दाराआड शंभू शिक्षा भोगत नव्हता, तो नाहीसा झाला होता. न हलता, न ओरडता बसलेलं पोर शहाणं झालेलं नसतं, ते गोठलेलं असतं. चड्डी ओली झाली ती त्यामुळेच. चावला तर दोघांना वेगळं करा, मुलीची जखम आधी बघा, आणि शंभूला तुमच्याच नजरेसमोर, तुमच्यापासून हातभर अंतरावर बसवा. "चावायचं नाही. राग आला तर मला हाक मार." दोन वाक्यं, हलक्या आवाजात. लांबलचक समजावणं त्या वेळी त्याच्या कानात शिरणारच नाही. आणि जमलं तर यजमानांनी स्वतः त्याला सांगावं, "तुला कोंडलं ते माझं चुकलं, परत नाही कोंडणार." एसटीवाल्या माणसाचा शब्द वेळापत्रकासारखा पक्का, असं शंभूला वाटलं पाहिजे. मोठ्या माणसाने पोराची माफी मागायची आपल्याकडे पद्धत नाही, मला माहीत आहे. तरी सांगते.

भाकरीचं काय करायचं? त्याला एक डबा द्या. झाकणाचा, त्याच्या नावाचा, त्याच्या हाताला येईल अशा जागी ठेवलेला. रोज संध्याकाळी त्याच्यासमोर ताजी भाकरी, गुळाचा खडा, मूठभर शेंगदाणे त्यात ठेवा आणि सकाळी शिळं झालेलं त्याच्यासमोरच बदला. "हा तुझा डबा, यातलं कुणी घेणार नाही" असं सांगा आणि ते खरं करून दाखवा. अगदी पाहुणे आले आणि घरात भाकरी कमी पडली तरी त्या डब्याला हात लावायचा नाही. एका दुसऱ्या घरात हाच उपाय सांगितला होता. पहिले तीन आठवडे पोर रात्री दोनदा उठून झाकण उघडून बघायचं. मग एकदाच. पुढे कधीतरी डबा भरायचा राहून गेला तरी त्याच्या लक्षात आलं नाही. त्याला सात महिने लागले होते. तुमच्याकडे जास्तही लागतील.

बाकी फार काही करायला सांगत नाही. त्याच त्या गोष्टी, त्याच वेळी, त्याच माणसाकडून. आंघोळ कोण घालणार, झोपताना शेजारी कोण, शाळेतून आणायला कोण, हे जमेल तेवढं ठरलेलं राहू द्या, आणि बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगा. "उद्या मी अंगणवाडीच्या मीटिंगला जाणार, आजी आणायला येईल, दिवेलागणीला मी घरी." आणि दिवेलागणीला खरंच घरी. ज्याच्या आयुष्यात माणसं न सांगता गेली त्याला 'सांगून गेलेलं माणूस सांगितल्या वेळी परत येतं' हे शंभर वेळा बघावं लागतं. 'मावशी म्हण' असा आग्रह नको. तुम्हीच स्वतःला मावशी म्हणत जा, "मावशी पाणी तापवतेय", "मावशी आली बघ". शाळेतल्या बाईंना किंवा गुरुजींना भेटून एवढंच सांगा की याला मागून येऊन हात लावू नका, वर्गात मोठ्याने ओरडल्यावर तो बाकाखाली गेला तर हसू देऊ नका, आणि जागा दाराजवळ द्या. सगळी कहाणी सांगायची गरज नाही, ती त्याची आहे.

तुमच्या लेकीबद्दल पत्रात फक्त चावल्याचं लिहिलंय. सहा महिन्यांपूर्वी ती एकुलती एक होती. तिची आई, तिची शाळेची गडबड, तिचा अंथरुणातला कोपरा, सगळ्यात वाटेकरी आला आणि वर 'तू मोठी, समजून घे' ऐकावं लागलं. रोज पंधरा मिनिटं फक्त तिची ठेवा, वेणी घालताना का होईना. आणि शंभूला 'बिचारा' म्हणायला तिला शिकवू नका. भाऊ म्हणून भांडू द्या.

बदलेल का, असं तुम्ही विचारलंत. हवाई बेटांतल्या कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी ती चाळिशीला पोचेपर्यंत ठेवला. गरिबी, घरातली भांडणं, दारू, आईबापांचं आजारपण अशी बरीच ओझी एकदम वाट्याला आलेली जी मुलं होती, त्यांतली सुमारे एक तृतीयांश मुलं धड, कष्टाळू, माया करणारी माणसं झाली. उरलेल्यांतलीही बरीच, जी पंधरा-सोळाव्या वर्षी वाया गेल्यासारखी दिसत होती, ती तिशीपर्यंत सावरली. जी तरली त्यांच्यात एक धागा सारखा दिसला. प्रत्येकाला निदान एक तरी माणूस असं होतं जे टिकून राहिलं. ते आईबापच असायला हवेत असं नव्हतं. आजी, मोठी बहीण, शिक्षक. आणि मावशी.

खोटी आशा मात्र देणार नाही. काही गोष्टी राहतील. कदाचित तो कायमच कानोशाने झोपणारा, गर्दीत भिंतीला पाठ लावून उभा राहणारा माणूस होईल. नव्या नोकरीत, नव्या नात्यात त्याला इतरांपेक्षा जास्त वेळ लागेल. ते राहिलं तर तुम्ही कमी पडलात असं समजू नका. घरात आजारी माणूस कण्हला तर सगळ्यांत आधी तोच उठेल, हेही त्याच स्वभावातून येणार आहे.

अंथरूण ओलं होणं, झोपेत किंचाळणं, स्वतःला मारून घेणं असं वाढत गेलं किंवा तो बोलणंच बंद करू लागला, तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात दाखवा. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांच्याकडून चिठ्ठी मिळते. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. सरकारच्या बालसंगोपन योजनेत आई किंवा वडील गेलेल्या मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज करा. मिंधेपणा वाटून घेऊ नका, ते त्याच्या हक्काचे आहेत.

आणखी एक. चार पानी पत्रात तुम्ही बहिणीबद्दल एकच वाक्य लिहिलंत, पान लागून गेली. तुमची बहीण होती ती. शंभू घरी आला त्या दिवसापासून तुम्ही त्याच्या भाकरीत, शाळेत, चावण्यात इतक्या गुंतलात की तुमचं रडायचं राहून गेलं असेल. तो आईचं नाव काढत नाही आणि तुम्हीही काढत नाही, त्याला दुखेल म्हणून. काढा. "तुझी आई लहानपणी चिंचेवर चढायची आणि उतरता यायचं नाही, मग मला हाका मारायची" असं काहीतरी, तुमच्याकडे असेल ते. सांगताना डोळ्यांत पाणी आलं तर पदराने झटकन पुसू नका. पोराला दिसू दे की आईसाठी रडता येतं आणि रडून झाल्यावर चहा ठेवता येतो.

दाजींना भेटू द्या. दिवसा, तुमच्या घरी, शुद्धीवर असतील तरच, आणि तुमचे यजमान घरात असताना. प्यायलेले असतील तर दारातूनच दुसऱ्या दिवशी यायला सांगा, त्याबाबत भीड धरू नका. शंभूला दोन दिवस आधी सांगा, "बाबा भेटायला येणार, जेवणार, आणि जाणार. तू इथंच राहणार." शेवटचं वाक्य दाजींनीही त्याला स्वतःच्या तोंडाने सांगावं, अशी त्यांना विनंती करा. परत कधी भेटायचं तेही सांगावं. 'लवकर' म्हणू नये, गुढीपाडव्याला म्हणावं. कॅलेंडरवर पाडव्याभोवती गोल करून ठेवा. बाप उठून निघाला की शंभू पिशवी उचलेल. ती हिसकावून घेऊ नका. पिशवी घेऊन तो उंबऱ्यापर्यंत जाईल, तर तुम्हीही जा आणि त्याच्याबरोबर उभ्या राहा.

दसरा झाला की तुमच्या रस्त्यावरून रात्र-रात्र टोळ्यांचे ट्रक जातील, भांडीकुंडी, शेळ्या आणि पोरंबाळं भरून. त्या पंधरा-वीस रात्री त्याच्या शेजारीच झोपा. एक दिवा चालू राहू द्या. हॉर्न वाजला की तो उठून बसेल आणि चपला घालेल. घालू द्या. तुमच्या चपला मात्र त्याला दिसतील अशा बाहेर काढून ठेवलेल्या असू द्यात, आणि तुम्ही आडव्याच राहा. म्हणा, "दुसऱ्यांची गाडी आहे. आपल्याला नाही जायचं." मग तो आवाज पार वळणापलीकडे जाईपर्यंत दोघं मिळून ऐका.

पहिल्या ट्रकच्या रात्री काय झालं ते मला नक्की कळवा. मी वाट बघेन.